लॅमार्क म्हणजे फक्त जिराफाची मान?

आडवाटेचा (धागाकर्ता)

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात लॅमार्क हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ येतो तो जिराफाची मान धरूनच. उंच झाडांचा पाला ओरबाडायला जिराफ मान ताणत राहिला, मान लांबली, पोरांना ती आयतीच मिळाली. मग डार्विन आला आणि हे सगळं चूक ठरलं. दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला.

सध्या या माणसाबद्दल मिळेल ते वाचतोय आणि माझं मत असं झालंय की ज्या कल्पनेवर त्याचं नाव चिकटवलंय ती त्याची नव्हतीच. कमावलेले गुण पोराबाळांत उतरतात हे त्याच्या काळात जवळजवळ सगळेच धरून चालत. पुढे खुद्द डार्विनही धरून चालला. लॅमार्कची स्वतःची कमाई वेगळी आहे, आणि ती वापरताना त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

आधी माणूस. ज्याँ-बाप्तिस्त द लॅमार्क, जन्म १ ऑगस्ट १७४४, उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी प्रांतातलं बाझाँताँ नावाचं खेडं. घराणं सरदारांचं, पण बडा घर पोकळ वासा. आणि भावंडांत हा अकरावा. वडिलांनी पाद्री करायचं ठरवून आमियाँच्या जेझुइट शाळेत घातलं. वडील वारले तसा हा घोडा घेऊन निघाला, तो थेट जर्मनीत लढणाऱ्या फ्रेंच फौजेत. जुलै १७६१, व्हिलिंगहाउझेनची लढाई. तोफांच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे अधिकारी गेले, चौदा माणसं उरली. एक जुना शिपाई म्हणाला, आता मागे फिरू. या पोराला सतरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्याने सांगितलं, हुकूम येत नाही तोवर जागा सोडायची नाही. शेवटी माणूस पाठवून त्यांना मागे बोलवावं लागलं. पोराला बढती मिळाली.

तह झाल्यावर मोनॅकोला नेमणूक. तिथे मस्करीत एका सोबत्याने त्याला डोकं धरून उचललं आणि मानेतल्या गाठी सुजल्या. उपचारांसाठी पॅरिसला जावं लागलं, फौज सुटली, वर्षाला ४०० फ्रँक पेन्शन हातात पडली. (हो, मानच. जिराफाचा विनोद करणाऱ्यांनी आत्ताच करून घ्या.) मग बँकेत कारकुनी, थोडं वैद्यकीचं शिक्षण, आणि त्यातून वनस्पतींचं वेड. १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवर त्याचं तीन खंडांचं पुस्तक आलं. राजाच्या बागेचा प्रमुख, निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने वजन वापरून ते सरकारी खर्चाने छापून घेतलं. पुढच्याच वर्षी हा विज्ञान अकादमीत.

राज्यक्रांतीनंतर, १७९३ मध्ये, राजाच्या बागेचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय झालं आणि प्राध्यापकांच्या जागा वाटल्या गेल्या. पंचवीस वर्षं वनस्पतींत घालवलेल्या या माणसाच्या वाट्याला काय आलं? 'कीटक आणि कृमी'. म्हणजे ज्यात कुणालाच रस नव्हता ते सगळं. वय ४९. दुसरा कुणी असता तर रडत बसला असता.

११ मे १८०० रोजी विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानात त्याने जाती बदलतात असं पहिल्यांदा उघडपणे मांडलं. १८०९ मध्ये 'फिलॉसॉफी झूलॉजिक' हा ग्रंथ आला. त्याच वर्षी डार्विन जन्मला. १८१८ च्या आसपास लॅमार्कची दृष्टी गेली. १८ डिसेंबर १८२९ रोजी तो वारला तेव्हा घरात अंत्यविधीलाही पैसे नव्हते, अकादमीकडे हात पसरावा लागला. मोंपार्नासच्या दफनभूमीत भाड्याच्या खड्ड्यात पुरलं. मुदत संपल्यावर हाडं उकरून इतरांच्या हाडांत गेली. आज त्याला कबर नाही.

जाणकारांनी भर घालावी. वनस्पतीवाले कुणी असतील तर विशेष.

वात्रट

माझी मान रोज आठ तास मॉनिटरकडे ताणलेली असते. पोरांची अजून तरी नॉर्मल आहे. (हलके घ्या.)
वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

माळरान

वनस्पतीवाली हजर आहे. :)

एखाद्या हर्बेरियममध्ये, म्हणजे कागदांवर चिकटवलेल्या वाळलेल्या झाडांच्या संग्रहात जा, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर आहे, आणि फणसाचा कागद काढायला सांगा. तपकिरी पडलेली पानं, कोपऱ्यात चिठ्ठी, त्यावर नाव: 'आर्टोकार्पस हेटेरोफायलस लॅम.' हा शेवटचा 'लॅम.' म्हणजे आपला लॅमार्क. शास्त्रीय नाव ज्याने पहिल्यांदा रीतसर प्रसिद्ध केलं त्याची सही असते ती. हेटेरोफायलस म्हणजे वेगवेगळ्या आकारांची पानं असलेला. फणसाचं रोप लहान असतं तेव्हा पानांना खाचा असतात, झाड मोठं झालं की पानं सरळ अखंड येतात. कोकणातल्यांनी बघितलं असेलच.

आता बाकीची यादी ऐका. शेवगा: मोरिंगा ओलिफेरा लॅम. बोर: झिझिफस मॉरिशियाना लॅम. आणि पळस! पळसाला त्याने पांगाऱ्याच्या घरात घालून 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा' म्हटलं होतं. नंतरच्यांनी पळस ब्युटियात हलवला, पण 'मोनोस्पर्मा' ठेवावंच लागलं, आणि म्हणून 'लॅम.' आता कंसात येतो. मोनोस्पर्मा म्हणजे एकच बी असलेला. पळसपापडी हातात घेतलीत तर दिसेल, चपट्या शेंगेच्या टोकाला एकच एक बी.

हा माणूस भारतात कधी आला नाही. त्याच्याकडे सोनेरासारख्या प्रवाशांनी आणलेली वाळलेली झाडं यायची, आणि समोर छापील ग्रंथ असायचे, त्यात डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडेचा 'हॉर्टस मलबारिकस' होता. त्या बारा खंडांतल्या माहितीमागे इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आहे, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही आहेत. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. पळसही त्या ग्रंथात आहे, 'प्लासो' या नावाने. कोचीच्या कोंकणी वैद्यांकडून ॲमस्टरडॅम, तिथून पॅरिस, आणि आता पुन्हा आपल्या बी.एस्सी.च्या जर्नलात!

आणखी एक राहिलंच. १७७८ च्या त्या पुस्तकाचं खरं महत्त्व त्यातल्या 'की' मध्ये आहे. पान समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असेल तर क्रमांक अमुकवर जा. पाकळ्या जुळलेल्या की सुट्या? सुट्या असतील तर तमुकवर जा. प्रत्येक पायरीला दोनच पर्याय, आणि असं उतरत उतरत झाडाच्या नावाशी पोचायचं. अशा जोड्या त्याच्या आधीही थोड्याफार वापरल्या गेल्या होत्या, पण अख्ख्या देशाची झाडं सामान्य माणसाला लॅटिनशिवाय, साध्या फ्रेंचमध्ये ओळखता येतील इतकी ती पद्धत त्याने चालवून दाखवली. कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरातही, म्हणजे तिथल्या झाडांच्या ग्रंथातही, अशाच की आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना जिराफ माहीत असतो, हे नसतं.

देवगडकर

म्हणजे आमच्या फणसाचं बारसं फ्रेंच माणसाने केलं तर! कापा की बरका हे विचारलं होतं का त्याने?

माळरान

@देवगडकर, तो फरक शास्त्रीय नावात नाही. दोन्ही एकच जाती. तिथे तुमचीच सत्ता.

पेशीद्रव्य

उत्तम चर्चा. माळरान यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

प्राण्यांच्या बाजूचं मी सांगतो, कारण माझ्या मते खरं घबाड तिथे आहे. लिनियसने मणका नसलेल्या सगळ्या प्राण्यांना दोन पोत्यांत भरलं होतं: कीटक आणि कृमी. विंचू, खेकडा, फुलपाखरू एका पोत्यात. गांडूळ, गोगलगाय, तारामासा दुसऱ्यात. लॅमार्कने पोती रिकामी केली. कवचधारी वेगळे काढले, कोळी-विंचवांचा वर्ग वेगळा केला, गांडूळ-जळवांसारख्या वलयी प्राण्यांना स्वतंत्र जागा दिली. 'अपृष्ठवंशीय' हा गट आणि त्याचं नाव त्याचंच. 'बायॉलॉजी' हा शब्द १८०२ मध्ये त्याने वापरला, त्याच वर्षी जर्मनीत ट्रेव्हिरानुसनेही स्वतंत्रपणे वापरला. १८१५ ते १८२२ या काळात अपृष्ठवंशीयांवर सात खंड आले, त्यातले शेवटचे डोळे गेल्यावर, मुलीला सांगून लिहवलेले.

देवगडकर, तुमच्यासाठी खास: खाडीतल्या तिसऱ्या खाता ना, त्यांच्यातल्या एका प्रकाराच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द 'मेरेट्रिक्स' आहे. तो १७९९ मध्ये लॅमार्कने दिलेला. देवघरातल्या शंखाचं 'टर्बिनेला' हेही त्याचंच, त्याच वर्षीचं.

शिंपल्यांचा मुद्दा मी उगाच काढत नाही. ब्रुग्येर नावाचा त्याचा सहकारी, जो शंखशिंपल्यांचं बघायचा, १७९८ मध्ये वारला आणि ते काम लॅमार्कवर येऊन पडलं. पॅरिसच्या आसपासच्या खडकांत शिंपल्यांचे जीवाश्म खच्चून भरलेले आहेत. त्याच्या एका हाताला ते आणि दुसऱ्या हाताला आजचे समुद्रातले. काही हुबेहूब, काही थोडे वेगळे, काही आज कुठेच न सापडणारे. मग हे न सापडणारे गेले कुठे? त्याच संग्रहालयातला शरीररचनेचा जाणकार क्युव्हिए, त्याचं उत्तर होतं, नष्ट झाले. लॅमार्कला निसर्गात असं सरसकट नष्ट होणं पटेना. त्याने म्हटलं, ते गेले नाहीत, बदलले. उत्क्रांतीची कल्पना त्याला जिराफाने दिलेली नाही, शिंपल्यांनी दिली.

यात गंमत अशी की इथे क्युव्हिए बरोबर होता. जाती नष्ट होतात. लॅमार्क चुकीच्या वाटेने बरोबर मुक्कामाला पोचला.

निवृत्त मास्तर

नमस्कार मंडळी. तीस-बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे, म्हणून बोलतो. जिराफ शिकवण्यात गैर काय आहे ते मला कळले नाही. मुलांना आधी चुकीची वाट दाखवली की नैसर्गिक निवड चटकन कळते. 'मान ताणली म्हणून लांब झाली' आणि 'लांब मानेचे होते ते जगले' ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली की वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलालाही फरक समजतो. लॅमार्क यांच्यावर अन्याय होत असेल, पण शिक्षकाला चाळीस मिनिटे असतात.

दुसरे असे की मोठेपणा सांगताना पुराव्याचेही बोलावे. त्यांनी एक तरी प्रयोग केला होता का?

आडवाटेचा

मास्तर, फळ्यावरच्या दोन वाक्यांबद्दल वाद नाही. फक्त पहिल्या वाक्याखाली डार्विनची सहीही लागते. १८६८ च्या ग्रंथात त्याने 'पॅनजेनेसिस' मांडलं: शरीरभरातून सूक्ष्म कण निघतात, जननपेशींत जमा होतात, आणि वापराने झालेले बदल पुढे नेतात. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य, वर यंत्रणेसकट. पाठ्यपुस्तकात मात्र दोघांना कुस्तीला उभं केलंय.

जिराफाबद्दल: अख्ख्या ग्रंथात त्याला एक परिच्छेद आहे. त्याच्या आसपास जमिनीखाली राहून डोळे खुरटलेला चिचुंदरीसारखा प्राणी आहे, पाय गमावलेला साप आहे, चिखलात अंग भिजू नये म्हणून पाय ताणणारे पाणपक्षी आहेत. आणि हे सगळं त्याच्या सिद्धांताचं दुय्यम अंग. मुख्य अंग असं की जीवनातच एक जोर आहे जो पिढ्यानपिढ्या रचना गुंतागुंतीची करत नेतो; परिस्थिती त्या सरळ चढणीला फाटे फोडते. हे मुख्य अंग आज कुणीच मानत नाही, आणि त्याबद्दल कुणी त्याला हसतही नाही. हसतात ते जिराफाला.

प्रयोग केला नाही, हे खरं. तेव्हा त्या विषयात प्रयोग करायची पद्धत नव्हती असं म्हणून सोडवता येईल, पण त्याचा स्वभावही तसा नव्हता. कपाटं लावणारा माणूस होता तो, आणि कपाटं लावून झाली की थेट विश्वाची रचना सांगायला निघायचा.

सेनकाठचा

पॅरिसमध्ये राहतो म्हणून एवढं लिहितो. ऑस्टर्लिट्झ स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच झार्दँ दे प्लाँतचं, म्हणजे वर आलेल्या राजाच्या बागेचं, फाटक आहे, आणि आत शिरल्या शिरल्या लॅमार्कचा पुतळा. बसलेला, हनुवटीला हात. चौथऱ्यावर 'उत्क्रांतीच्या सिद्धांताचा संस्थापक' असं कोरलंय. १९०९ मध्ये, त्याच्या ग्रंथाच्या शंभरीला, देशोदेशींची वर्गणी काढून उभारला. शिल्पकार लेओं फाजेल.

बहुतेक लोक पुढून फोटो काढून निघून जातात. मागे जा. मागच्या बाजूला ब्राँझचं उठावशिल्प आहे: आंधळा म्हातारा बाकावर बसलाय, शेजारी मुलगी कोर्नेली, आणि खाली तिचे शब्द. मराठीत साधारण असे: 'बाबा, पुढच्या पिढ्या तुमचं कौतुक करतील, तुमच्यावरच्या अन्यायाचा सूड उगवतील.'

हे वाचून मला जरा विचित्रच वाटलं होतं. निसर्गशास्त्रज्ञाच्या पुतळ्यावर सूड? त्याला कबर नाही म्हणून फ्रेंचांनी ती भरपाई केली म्हणावं तर १९०९ साली आणखी एक कारण होतंच: उत्क्रांतीचा मान सगळा इंग्रज घेऊन चालले होते. मोंमार्त्रमध्ये त्याच्या नावाचा रस्ताही आहे आणि मेट्रोचं स्टेशन आहे, लॅमार्क-कोलँकूर. एवढं खोल की लिफ्ट बंद असली की जिने चढून उत्क्रांती होते.

बखर

सूडाचा मुद्दा बरोबर पकडलात. तो सूड कुणावर, हे सांगायला हवं: क्युव्हिएवर.

विज्ञान अकादमीत सभासद वारला की त्याच्यावर स्तुतिपर भाषण करायची रीत होती. लॅमार्कवरचं क्युव्हिएने लिहिलं. ते वाचायच्या आधी, मे १८३२ मध्ये, क्युव्हिए स्वतःच वारला, म्हणून नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याने वाचून दाखवलं. वर स्तुती, आत सुरी. शिंपल्यांच्या वर्गीकरणाचं मनापासून कौतुक, आणि मग सिद्धांताची अशी टिंगल की ही कल्पना कवीला रिझवेल, पण ज्याने हात, आतडं किंवा साधं पीस जरी फाडून पाहिलंय त्याला क्षणभरही पटणार नाही. प्राण्यांना नुसती इच्छा झाली की अवयव फुटतात, असं लॅमार्क म्हणतो हा समज त्या भाषणाने पसरवला. लॅमार्क तसं म्हणत नव्हता. गरज बदलली की सवय बदलते, सवयीने अवयवाचा वापर बदलतो, वापराने अवयव; एवढी साखळी होती त्याची. भाषणाचं इंग्रजी भाषांतर झालं, ते ग्रंथापेक्षा कितीतरी जास्त वाचलं गेलं.

पण एक पुरवणी. धागाकर्त्यांनी वर सांगितलेली चौदा शिपायांची शौर्यकथा? तीही त्याच भाषणात आहे. ती जगाला कळली त्यात क्युव्हिएचाच मोठा हात.

आणि लॅमार्क निव्वळ बिचारा होता असंही नाही. लाव्हाझिएचं नवं रसायनशास्त्र सगळ्यांनी मान्य केल्यावरही हा जुन्या अग्नितत्त्वावर ग्रंथ लिहीत राहिला. १८०० च्या सुमारापासून दहा वर्षं त्याने हवामानाची वार्षिक पंचांगं काढली, त्यात चंद्राच्या स्थितीवरून वर्षभराच्या हवेचे अंदाज! आपल्याकडच्या पावसाच्या भाकितांइतकेच ते खरे ठरायचे. (ढगांचं वर्गीकरणही त्याने १८०२ मध्ये केलं होतं, पण त्याची नावं फ्रेंच. हॉवर्ड या इंग्रजाने लॅटिन नावं दिली आणि तीच टिकली.)

त्या पंचांगांनीच घात केला. १८०९ मध्ये लॅमार्क आपला नवा ग्रंथ घेऊन नेपोलियनपुढे गेला. नेपोलियनला वाटलं, पुन्हा हवामानाचंच पुस्तक आणलंय. सगळ्यांसमोर सुनावलं: ही पंचांगं तुमच्या म्हातारपणाला काळिमा आहेत, केवळ तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघून हे घेतो. आणि न बघता मागच्या माणसाकडे सरकवलं. लॅमार्क सांगू पाहत होता की हे प्राण्यांवरचं पुस्तक आहे, पण शब्द फुटेनात, तो रडायला लागला. ही हकीकत आरागो या खगोलशास्त्रज्ञाने लिहून ठेवली आहे.

निवृत्त मास्तर

ही हकीकत वाचून वाईट वाटले. पण क्युव्हिए यांची बाजूही कुणी मांडावी. एवढा मोठा शरीररचनेचा जाणकार केवळ मत्सराने विरोध करील हे पटत नाही.

पेशीद्रव्य

मास्तरांशी सहमत, मत्सर नव्हता. क्युव्हिएकडे पुरावा होता, आणि तो वाईट नव्हता. नेपोलियनच्या इजिप्त स्वारीत त्यांचा सहकारी प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्र्वा सँतिलेर गेला होता. त्याने थडग्यांतून ममी केलेले प्राणी आणले, मांजरं, आयबिस पक्षी. क्युव्हिएने आयबिसच्या ममीची हाडं मोजली, आजच्या आयबिसशी ताडून पाहिली. तसूभर फरक नाही. मग बदलतात म्हणता त्या जाती कुठे बदलल्या?

लॅमार्कचं उत्तर मला त्याच्या सगळ्या लिखाणात आवडतं. तो म्हणाला, फरक दिसला असता तरच मला आश्चर्य वाटलं असतं. इजिप्तचं हवापाणी तेव्हा होतं तेच आज आहे, मग पक्ष्याने बदलावं कशाला? आणि दोन-तीन हजार वर्षं आपल्याला फार वाटतात, पृथ्वीच्या हिशेबात ती किस झाड की पत्ती. १८०० च्या सुमाराला, बहुसंख्य युरोप सृष्टीचं वय सहा हजार वर्षं धरत असताना, हे बोलायला धाडस लागतं. नैसर्गिक निवड त्याला सुचली नाही, पण काळ किती लागतो हे त्याला समजलं होतं.

चौकस

पण आता विज्ञानाने लॅमार्कला बरोबर ठरवलंय ना? एपिजेनेटिक्स! आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता की आईच्या विचारांचा परिणाम नातवंडांपर्यंत जातो, गर्भसंस्कार सिद्ध झाले वगैरे. तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा.

वात्रट

आला, आला! कुठल्याही विज्ञानाच्या धाग्यावर पन्नाशीच्या आत गर्भसंस्कार येतोच.

पेशीद्रव्य

वात्रट, थांबा, प्रश्न रास्त आहे. लांबलचक उत्तर देतो.

आधी 'चूक ठरला' ते कसं. १८८० च्या दशकात जर्मनीत जीवशास्त्रज्ञ व्हाइसमानने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. त्यांना झालेल्या ९०१ पिल्लांत एकही बिनशेपटीचं नव्हतं. पण लॅमार्क कापाकापीबद्दल बोलतच नव्हता, वापराबद्दल बोलत होता. पिढ्यानपिढ्या टोचूनही आपल्या मुली कान टोचलेल्या जन्मत नाहीत, हे त्यालाही माहीत असणार. व्हाइसमानचं खरं योगदान उंदीर नव्हेत, विचार आहे: जननपेशींची वाट शरीराच्या इतर पेशींपासून वेगळी असते, त्यामुळे शरीराने काय कमावलं ते तिकडे पोचायला रस्ताच नाही. नंतर ऑस्ट्रियात कमावलेले गुण उतरतात असा दावा करणाऱ्या कामररच्या बेडकांचं प्रकरण झालं: १९२६ मध्ये नमुन्यात शाई टोचलेली सापडली, कामररने आत्महत्या केली. आणि मग रशियात तोच दावा करणारा शेतीतज्ज्ञ लायसेन्को. स्टालिनच्या आशीर्वादाने १९४८ मध्ये जनुकशास्त्रावर बंदीच आली, त्याआधी १९४३ मध्ये वाव्हिलोवसारखा जनुकशास्त्रज्ञ तुरुंगात मेला. त्या पापाची पावती लॅमार्कच्या नावावर फाडली जाते, त्याचा काही संबंध नसताना.

आता एपिजेनेटिक्स. डीएनएची अक्षरं न बदलता त्यावर रासायनिक खुणा लागतात, त्याने जनुक चालू-बंद होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जर्मनांनी अन्न तोडलं, त्या दुष्काळात पोटात असलेल्या मुलांत अशा खुणांचे फरक साठ वर्षांनीही सापडले. पण नीट बघा: ते मूल स्वतःच पोटात उपाशी होतं. हा आजीकडून नातवाला मिळालेला वारसा नव्हे. सस्तन प्राण्यांत बीजपेशी तयार होताना आणि नंतर गर्भ रुजण्याआधी या खुणा बहुतांशी पुसल्या जातात. वनस्पतींत त्या जास्त टिकतात, माळरान सांगतील. आणि उरलेल्या खुणा फायद्याच्याच असतात असंही नाही. लॅमार्कचा दावा होता की बदल गरजेला धरून होतो. भुकेने लागलेली खूण कुणाच्या गरजेला धरून आहे?

त्याच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट जीवाणूंत आहे. विषाणूने हल्ला केला आणि जीवाणू तगला, तर तो त्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्या डीएनएत ओळीने लावून ठेवतो. पुढच्या पिढ्यांना तो तुकडा मिळतो आणि तोच विषाणू आला की त्या ओळखून कापतात. ही क्रिस्पर यंत्रणा. अनुभव आला, तो नोंदला गेला, पोरांना मिळाला, आणि उपयोगीही पडला. काही शास्त्रज्ञ याला सरळ लॅमार्की म्हणतात.

फॉरवर्डमधलं विचारांचं आणि नातवंडांचं मात्र सिद्ध झालेलं नाही.

चौकस

सविस्तर उत्तराबद्दल आभार. ग्रुपवर टाकू का हे? मावशी रागावतील, पण टाकतोच.

माळरान

वनस्पतींत टिकतात, हो. टोडफ्लॅक्स नावाच्या एका रानफुलाचं विचित्र, चारी बाजूंनी सारखं असलेलं फूल लिनियसने अठराव्या शतकात नोंदलं होतं. १९९९ मध्ये कळलं की त्यात जनुकाची अक्षरं तीच आहेत, फक्त अशा खुणांनी जनुक बंद पडलंय, आणि ते बंद पडणं बियांतून पुढे जातं. मात्र त्यात झाडाची काही 'गरज' भागलेली नाही.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे त्याचं नाव कुठे उरलं यावर, एक राहून गेलं. आपला कदंब. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव अँथोसेफॅलस कदंबा. मूळ घोळ लॅमार्कचाच: त्याने एका झाडाला 'चिनी' असं नाव दिलं, पण समोरचा नमुना होता मादागास्करचा. पुढे अँथोसेफॅलस हे नाव त्याच नमुन्याशी बांधलं गेलं आणि सुमारे दीडशे वर्षं आशियातल्या कदंबाला लागलं. १९८० च्या दशकात बोस्सेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने गुंता सोडवला. ते नाव मादागास्करकडे गेलं, कदंब बिननावाचा उरला, आणि त्याला नवं नाव मिळालं: निओलॅमार्किया कदंबा.

बखर

ज्याने घोळ घातला त्याचंच नाव! याला म्हणतात नशीब.

आडवाटेचा

एवढी माहिती एकत्र मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार. रोझालीने की कोर्नेलीने, कोणत्या मुलीने कोणत्या खंडाचं लेखन केलं यावर मतं वेगवेगळी दिसतात, त्यामुळे ते मी मूळ धाग्यात टाकलेलं नाही. त्याचं हर्बेरियम जर्मनीत रोस्टॉकला गेलं होतं, ते १८८० च्या दशकात पॅरिसला परत आलं. शंखशिंपले जिनिव्हाच्या संग्रहालयात आहेत. सेनकाठचे, कधी जिनिव्हाला गेलात तर बघून या आणि इथे फोटो टाका.

सेनकाठचा

तीन-साडेतीन तासांची ट्रेन आहे. जाईन. तोवर देवगडकरांनी फणसाच्या रोपाचा खाचांच्या पानांसकट फोटो टाकावा.

देवगडकर

कापा टाकू की बरका?